हेल्पमधे एफ२ च्या आधी एफ१० काहून येत होतं

नागपुरात बर्डीवरच्या आमच्या डीटीपीच्या दुकानात पायथनमधे घरीच बनवलेला एक छोटा एडिटर वापरतो, त्याच्या हेल्पमधली शॉर्टकटची यादी पार गंडलेली होती. एफ१, मग एफ१०, एफ११, एफ१२ अन् त्यानंतर कुठं एफ२. नवीन पोरगं विचारे, भाऊ, एफ२ काढून टाकलं का?

कारण साधं आहे, नावं सॉर्ट करताना कॉम्प्युटर आकडा पाहतच नाही, एकेक अक्षर पाहतो, आस्कीत, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या तक्त्यात, १ चा कोड ४९ अन् २ चा ५०, त्यामुळं एफच्या पुढं १ दिसला की तो आधी, मागं शून्य असो का काही असो. मग सॉर्टेडला, म्हणजे पायथनच्या क्रम लावणाऱ्या फंक्शनला, कशावरून क्रम लावायचा ते सांगणारं 'की' (key) फंक्शन दिलं, रेगेक्सनं, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधायच्या पद्धतीनं, अक्षरं अन् आकडे वेगळे केले, आकड्याला इंट लावला, म्हणजे मजकुराची खरी संख्या केली. झालं. गंमत म्हणजे हा इंट देवनागरी १० पण बरोबर वाचतो.

खरी कटकट शिफ्टची. एकीकडे शिफ्ट+कंट्रोल+एस, दुसरीकडे कंट्रोल+शिफ्ट+एस, बटणं तीच पण यादीत दोन टोकाला. म्हणून आधी क्रम ठरवला, कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट, मग बटण, अन् सगळे शॉर्टकट त्याच साच्यातून काढले, मगच सॉर्ट. मॅकवर हे चालत नाही हां, ॲपलचा क्रम कंट्रोल, ऑप्शन, शिफ्ट, कमांड.

अन् सॉर्टेडच वापरा, ते नवीन लिस्ट देतं. लिस्टचं स्वतःचं सॉर्ट मूळ लिस्टच हलवून टाकतं, तिच्यावर मेनू चालत असला तर त्याचाही क्रम बदलतो.