मराठवाड्यात आरोग्यसेवेवर संशोधन करायला येताय?

सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन धाराशिव-बीडकडे येणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या हातात छापून आणलेली प्रश्नावली असते. ती थोडे दिवस पिशवीतच राहू द्या. आधी दवाखाना कुणाचा, ते समजून घ्या.

दिल्लीच्या कागदांत ज्याला सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात, ते आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय. ३० खाटा, आणि निकषाप्रमाणे सपाट भागात १ लाख २० हजार लोकसंख्येमागे एक. ते सिव्हिल सर्जनच्या अखत्यारीत. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं मात्र जिल्हा परिषदेची, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची. एकाचं परवानगीचं पत्र घेऊन दुसऱ्याच्या दारात गेलात, तर बाहेरच्या बाकावर बसून चहा प्याल. अडलेली बाळंतीण रेफर होते तीही याच दोन यंत्रणांच्या मधून. प्रश्न शोधायचे तर तिथं शोधा.

मग पैसा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. जिल्हा मागतो ते पीआयपीत, म्हणजे अंमलबजावणीच्या आराखड्यात; मंजूर होतं ते आरओपीत, म्हणजे केंद्राच्या मंजुरीच्या कागदात. वाचायला अत्यंत कंटाळवाणे कागद आहेत, तरी वाचाच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. ते काही झालं नाही. पण धोरणावर भाषण करण्यापेक्षा तालुक्याच्या अकाउंटंटशी ओळख वाढवा. मला एकानं पहिल्याच भेटीत सांगितलं, "मॅडम, मंजूर किती ते सोडा, मार्चात किती आलं ते बघा." निधी वर्षअखेरीला आला की खर्च कशावर होतो, हा आख्खा प्रबंधाचा विषय आहे. दवाखान्याचा स्थानिक निधी सांभाळणाऱ्या रुग्ण कल्याण समितीचं इतिवृत्त मागून घ्या, त्यात बरंच उलगडतं.

आता ऊसतोड. याचा विचार न करता बीडमध्ये सर्वेक्षण आखणं म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी गाडीत बसून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. जानेवारीत घरोघरी फिरलात तर म्हातारी माणसं आणि पोरं भेटतील, अन् तुमच्या तक्त्यात गाव एकदम वयस्कर दिसेल. गरोदर बाईची नोंद इथल्या उपकेंद्रात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती कारखान्याच्या फडावर, बाळंतपण तिसऱ्याच तालुक्यात. इथल्या रजिस्टरमध्ये ती 'गळालेली' दिसते, आणि त्याचा जाब सिस्टरला द्यावा लागतो. कार्ड तिच्या सोबत गेलं का, तिकडच्या आशाला ती आपली वाटली का, हे विचारणारे अभ्यास फार कमी. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा २०१९ मध्ये झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती आली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. सगळं लक्ष खासगी दवाखान्यांवर गेलं. माझ्या मते त्याहून अवघड प्रश्न असा, की अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन या बायका आधी सरकारी दवाखान्यात का थांबल्या नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद भरलेलं होतं का, सोनोग्राफी कोणत्या वारी होती, एका खाड्याला मुकादम किती कापतो, इतकं साधं विचारत जा.

नव्यानं सुरुवात करताना जुनं कामही चाळा. २००७ मध्ये महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवणं, सुरू झाली, त्या पहिल्या पाच जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद होता. जनसुनवाईत लोक काय बोलले, ते गावात अजून आठवणारे भेटतात.

नैतिकता समितीची मंजुरी, संमतीपत्र मराठीत, हे आहेच. बायका दिवसभर रानात असतात, तेव्हा मुलाखती संध्याकाळनंतरच.

पीआयपी हल्ली दोन वर्षांची एकदम होते. जिल्ह्याच्या बैठका कधी लागतात ते डीपीएमच्या (अभियानाच्या जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकाच्या) कार्यालयात विचारून ठेवा आणि त्याआधी आपले निष्कर्ष दोन पानांत, मराठीत, तिथं नेऊन द्या. एक प्रत सिव्हिल सर्जनकडेही.