घाटात न्यूट्रल नको! सत्तरी-नेत्रावळीकडे गाडी काढताना या चुका टाळा

पाऊस ओसरला की किनाऱ्याला कंटाळलेली मंडळी गाड्या घेऊन गोव्याच्या सत्तरी तालुक्याकडे वळतात. जरूर या, हिरवा गोवा इकडेच आहे. पण केरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी राहायचे म्हणजे दर रविवारी त्याच त्या चुका बघणे आले. जळक्या ब्रेकचा वास आता आमच्या वाड्यावरची पोरेसुद्धा ओळखतात.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे चोर्ला घाट न्यूट्रलमध्ये उतरणे. एका दिवाळीला आमचे भावोजी पुण्याहून बेळगावमार्गे आले. खाली अंजुणे धरणाचे पाणी दिसले की वाटते, आलेच गाव. त्यांनी पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला घातली आणि वळणावळणाला ब्रेक दाबत उतरले. दारात पोहोचले तेव्हा पुढच्या चाकांतून धूर निघत होता, पेडल मऊ पडले होते आणि ताईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यात भावोजी बादलीभर पाणी मागू लागले, चाकांवर ओतायला! तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले तर ती वाकडी होऊ शकते. मी बादली आत नेऊन ठेवली आणि त्यांना चहा दिला. "किती पेट्रोल वाचलं, भावोजी?" उत्तर आले नाही. ब्रेक पॅडचे बिल मात्र आले.

गंमत म्हणजे त्यात पेट्रोल वाचतही नाही. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळजवळ बंद होते. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ब्रेक हलका करणारा बूस्टर गेला, पॉवर स्टिअरिंग गेले, मग वळणावर करणार काय? माझा रिवाज जुनाच आहे: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर 'डी'वर विसरू नका, खालचा गिअर लावा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी नीट दाबा आणि सोडा. वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, कायदाही तेच सांगतो.

दुसरी चूक मोबाइलवाल्यांची. तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेव मंदिर बघायला निघालेले लोक नुसते 'सुर्ला' टाइप करतात आणि चोर्ला घाटाच्या माथ्यावर सत्तरीतल्या सुर्ल्याला जाऊन मंदिर विचारतात. डिचोली तालुक्यात आणखी एक सुर्ल आहे, ते खाणींचे. मंदिराला मोलेहून साकोर्डे, बोळकर्णे असे जायचे. ही गावे कागदावर लिहून घ्या, कारण रानात रेंज जाते. नकाशाने दहा मिनिटे वाचवणारी वाट दाखवली तर ती बहुधा कुणाच्या तरी काजूबागेत संपते. तिठ्यावरच्या दुकानात विचारा, सोडा प्या, पुढे जा. तेवढाही धीर नसेल तर रानात येता कशाला?

धुक्यात चारही इंडिकेटर लावून गाडी पळवू नका. मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. हेडलाइट लो बीमवर ठेवा.

स्वतः चालवायला भाड्याची गाडी घेताना काळ्या नंबरपाटीवर पिवळी अक्षरे आहेत ना बघा. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्त मिळते, दंड स्वस्त नसतो.

माकडांना वेफर्स देऊ नका.

सांगे तालुक्यातल्या नेत्रावळीला सावरी धबधब्यासाठी गाडी ठेवून पायी जावे लागते, तेव्हा समुद्रावरच्या चपला घरीच ठेवा. पावसाळ्यात वनखाते कधीकधी धबधब्यांवर बंदी घालते, तेव्हा रक्षकाशी हुज्जत घालू नका. टाळी वाजवली की पाण्यात बुडबुडे येतात म्हणतात, त्या बुडबुड्यांच्या तळीवर जाऊन टाळ्या वाजवा, तिथे बंदी नाही.

टाकी वाळपई किंवा सांग्यालाच भरा, पुढच्या पंपाच्या भरवशावर राहू नका.