साप्पोरो मिशनला निघालेल्या मुलीसाठी थोडं व्यवहाराचं

चर्चकडून कॉल, म्हणजे धर्मप्रचाराच्या नेमणुकीचं पत्र, आला, त्यावर 'जपान साप्पोरो मिशन' दिसलं, की हात आपोआप नकाशाकडे जातो. होक्काइदो, जपानचं सगळ्यात उत्तरेचं मोठं बेट. मला तेव्हा एवढंच कळलं की थंडी असणार. बाकीचं दीड वर्षात कळत गेलं, आणि त्यातलं बरंचसं चूक झाल्यावर. धडे कसे शिकवायचे, साक्ष कशी द्यायची हे सांगणारी माणसं तुला एमटीसीत, म्हणजे मिशनरींच्या प्रशिक्षण केंद्रात, भेटतीलच. मी सांगते आहे ते त्यांच्या वेळापत्रकात नसतं.

(आपल्याला 'मॉर्मन' म्हणू नका, 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे चर्चचं पूर्ण नाव घ्या असं २०१८ पासून सांगतात. ते पूर्ण नाव जपानीत 'मात्सुजित्सु सेइतो इएसु किरिसुतो क्योकाइ' असं आहे. विमानात बसायच्या आधी ते एका दमात म्हणता आलं पाहिजे. इंटरकॉमवर दुसरा दम घ्यायला वेळ मिळत नाही.)

भाषा

तू मराठी बोलतेस, तेव्हा जपानीची धास्ती घेऊ नकोस. अमेरिकेतल्या प्रोव्होच्या एमटीसीत जपानीला नऊ आठवडे देतात. माझ्या वर्गातल्या अमेरिकन मुली पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला आल्या, कारण क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि 'ला', 'त', 'हून' हे सगळं शब्दाच्या मागे. मला कळेना, मग ते आणखी कुठे असणार? 'वाताशी वा क्योकाइ नि इकिमास', मी चर्चला जाते. शब्दाखाली शब्द लिही, बरोब्बर बसतात. 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. मुळाक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतोय ना? बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत, त्या अभ्यासातून तो क्रम जपानीत आला. कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, त्यांच्यासमोर मात्र आपला कसलाही वशिला चालत नाही, तिथे सगळ्यांसारखंच घोकायचं.

मिशनरींना पहिल्या नावाने कोणी हाक मारत नाही. एल्डरला, म्हणजे पुरुष मिशनरीला, 'चोरो' म्हणतात (हसू नकोस, वडीलधाऱ्याला म्हणतात तसा शब्द आहे), सिस्टरला, म्हणजे मुलगी मिशनरीला, 'शिमाइ'. जपानीत 'ळ' नाही, 'ल' नाही, जे आहे ते 'र'. छातीवरच्या नावाच्या काळ्या पट्टीवर माझ्या कांबळेचं 'कांबुरे' झालं आणि दीड वर्ष मी कांबुरे शिमाइ होते. पहिल्या आठवड्यात चिडून दुरुस्त करत होते. तू नको करूस. ज्यांना जीभ वळवता येत नाही त्यांना आपण चारचौघांत ओशाळं करतो, एवढंच होतं.

दिवस कसा जातो

साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग स्वतःचा अभ्यास, कंपॅनियन, म्हणजे जोडीदार मिशनरी, तिच्याबरोबरचा अभ्यास, भाषेचा अभ्यास. त्यानंतर बाहेर. रात्री दिवसाची नोंद, उद्याचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. पहिले दहा दिवस हे अशक्य वाटतं, मग इतकं अंगवळणी पडतं की परत आल्यावरही साडेसहाला डोळे उघडतात. यावर याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

कंपॅनियन

नियम साधा आहे: ती तुला दिसली पाहिजे आणि तिला तुझं बोलणं ऐकू गेलं पाहिजे. बाथरूम सोडून कायम. तू तिला निवडलेलं नसतं, तिने तुला निवडलेलं नसतं, आणि दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरचा निरोप आला की जोड्या बदलू शकतात. मिशनच्या यशापयशाचा हिशेब लोक बाप्तिस्म्यांत मांडतात. मला विचारशील तर अर्धं मिशन त्या दोन खोल्यांच्या आत असतं.

माझी दुसरी कंपॅनियन युटाची. आम्ही होक्काइदोतल्या आसाहिकावाला होतो, जानेवारीत. तिथल्या घरात भिंतीला लागून मोठा केरोसिनचा स्टोव्ह असतो, त्यावर तापमानाचा आकडा. मी झोपताना चोवीस करून झोपायची. रात्री जाग आली की आकडा सोळा. मी उठून पुन्हा चोवीस करायची. सकाळी पुन्हा सोळा. तीन आठवडे आम्ही दोघी अंधारात त्या आकड्याशी भांडत होतो आणि दिवसा एकमेकींशी अतिशय गोड बोलत होतो.

आठवड्याच्या नियोजनात शेवटी कंपॅनियननी एकमेकींशी मोकळं बोलायचं असतं, त्याला 'इन्व्हेंटरी' म्हणतात. तीन आठवडे आम्ही दोघींनी तिथे "सगळं छान आहे" म्हटलं. चौथ्या आठवड्यात मी फणकाऱ्याने म्हणाले की केरोसिनचे पैसे एवढेच वाचवायचे असतील तर मी माझ्या भत्त्यातून भरते. ती माझ्याकडे बघतच राहिली. पैशांचा विचारही तिच्या मनात नव्हता. कोरड्या गरम हवेने तिचं डोकं भयंकर दुखायचं, आणि मी थंडीला नवीन म्हणून ती बोलत नव्हती. मग आम्ही आकडा वीसवर ठेवला, मी आणखी एक स्वेटर चढवला आणि स्टोव्हसमोर दोरी बांधून ओला टॉवेल वाळत टाकला. डोकेदुखी गेली. टॉवेल सकाळपर्यंत कडक वाळलेला असायचा, पापडासारखा.

तेव्हा तक्रार जितकी क्षुल्लक, तितकी लवकर सांग. मोठ्या भांडणांसाठी डिस्ट्रिक्ट लीडर, सिस्टर ट्रेनिंग लीडर, मिशन प्रेसिडेंट अशी माणसांची उतरंड आहे. टॉवेलसाठी कोणी येत नाही.

दार

चित्रात दिसतं तसं दार उघडत नाही. आधी इंटरकॉम असतो, त्यात कॅमेरा असतो, आणि आतल्या माणसाने तुझी पट्टी आधीच वाचलेली असते. 'केक्को देस' ऐकलंस की थांब. शब्दकोशात त्याचा अर्थ 'उत्तम आहे' असाही सापडतो, आणि एका नव्या एल्डरने खरोखरच आनंदाने पुढचं वाक्य सुरू केलं होतं. दारावर त्याचा अर्थ 'नको' एवढाच. 'चोत्तो...' म्हणून वाक्य हवेत सोडलं तरी 'नको'च. तोंडावर नकार द्यायला इथे लोकांना जड जातं. म्हणून न बोललेलं ऐकायला शीक आणि वाकून आभार मानून निघ.

मनाला लावून घेऊ नकोस हे सगळेच सांगतात, मी थोडा हिशेब सांगते. आपल्या चर्चचे एक प्रेषित हेबर जे. ग्रांट १९०१ च्या ऑगस्टमध्ये योकोहामाला उतरले आणि जपानचं मिशन सुरू झालं. १९२४ मध्ये ते बंद करावं लागलं. मधल्या तेवीस वर्षांत दोनशेही बाप्तिस्मे झाले नाहीत. १९४८ मध्ये पुन्हा सुरू झालं. तुझ्या वाट्याला एका दुपारी चाळीस नकार आले तर तू परंपरेतच आहेस. शिवाय २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली, मारेकऱ्याचा राग एका वेगळ्याच धर्मपंथावर होता, पण तेव्हापासून दारावर येणाऱ्या कुठल्याही धर्माच्या माणसाकडे लोक सावधपणे बघतात. त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. कोण आहोत, कुठल्या चर्चचे आहोत, कशासाठी आलो आहोत हे पहिल्याच वाक्यात स्वच्छ सांगायचं.

माणसं खरी भेटतात ती 'एइकाइवा'त, म्हणजे चर्चमधल्या फुकट इंग्रजी संभाषणाच्या वर्गात. निवृत्त शिक्षक, परीक्षेची मुलं, एकट्या राहणाऱ्या आजी. माझं इंग्रजी माझ्या कंपॅनियनसारखं नाही म्हणून मी आधी बिचकत होते. उलट झालं. मी सावकाश बोलते म्हणून त्यांना माझं जास्त कळायचं. वर्गात धर्म घुसडू नकोस. वर्ग संपल्यावर कोणी आपणहून विचारलं तर सांग.

चहा

हा भाग नीट वाच. १८३३ च्या ज्ञानवचनाप्रमाणे, म्हणजे चर्चच्या खाण्यापिण्याच्या नियमांप्रमाणे, आपल्याला दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य. जपानमध्ये कोणी घरात घेतलं की दोन मिनिटांत समोर चहा येतो, आणि 'ओचा' या एका शब्दात दहा पेयं मावतात. म्हणून पाठ कर. मुगिचा म्हणजे भाजलेल्या सातूचं पाणी, चालतं. सोबाचा कुट्टूचा, चालतो. र्योकुचा म्हणजे हिरवा चहा, नाही. गेनमाइचात भाजलेला तांदूळ असतो पण चहाची पानंही असतात, नाही. आणि होजिचा. तो तांबूस तपकिरी असतो, भाजल्याचा वास येतो, अगदी मुगिचासारखा दिसतो, आणि तो भाजलेला हिरवा चहा असतो.

एइकाइवातल्या एका आजींनी आम्हाला घरी बोलावलं. कोतात्सूत पाय घालून बसलो, म्हणजे खाली हीटर, वर रजई आणि त्यावर टेबल. बाहेर उणे बारा. आजींनी कप ठेवला, मी रंग बघितला, मनात 'मुगिचा' म्हटलं आणि अर्धा कप प्यायले. रजईखालून कंपॅनियनने नडगीवर लाथ मारली. मला वाटलं पाय हलवताना लागली, म्हणून मी तिला 'सॉरी' म्हटलं आणि आणखी एक घोट घेतला. दुसरी लाथ जोरात बसली. मग मी आजींना विचारलं, हा सातूचा का? त्या कौतुकाने म्हणाल्या, नाही, क्योतोहून मागवलेला होजिचा.

मी खरं ते सांगितलं आणि माफी मागितली. आजी हसल्या, कप उचलून नेला आणि गरम पाण्यात युझूचा मुरंबा ढवळून आणला. पुढच्या वेळेपासून आमच्यासाठी ते ठरलेलंच. धडा असा की चपला काढतानाच, कप समोर यायच्या आधी, "आम्ही चहा-कॉफी घेत नाही, साधं पाणी आवडेल" हे सांगून टाकायचं. ओतलेला चहा नाकारणं फार अवघड जातं. कॉफी जेलीवरही नजर ठेव, ती चॉकलेटसारखी दिसते.

बर्फ आणि नळ

बर्फ पडेपर्यंत सायकल. हेल्मेट नेहमी, आणि हातात छत्री धरून चालवायची नाही, ते तिथे नियमाविरुद्ध आहे. सिस्टरांना २०१८ च्या डिसेंबरपासून पँट घालायची परवानगी आहे. दोन चांगल्या पँट ने, घेराचे स्कर्ट चाकात जातात. बूट इकडून घेऊ नकोस. होक्काइदोतल्या दुकानात तळाला उलटवता येणारे खिळे असलेले बूट मिळतात, ते तिथेच घे. चालताना पावलं छोटी, तळवा पूर्ण टेकवून, पेंग्विनसारखी. साप्पोरोत चौकाचौकांत पेट्या असतात, त्यात खडीच्या पिशव्या. कोणीही पिशवी फोडून निसरड्या जागी पसरायची. मी महिनाभर त्या कचऱ्याच्या पेट्या समजत होते.

आता नळ. पारा उणे चारच्या खाली जाणार असेल किंवा रात्रभर घराबाहेर राहणार असाल, तर पाइपातलं पाणी काढून टाकायचं. त्याला 'मिझुओतोशी' म्हणतात. आधी पाणी काढायची मूठ शोध, बहुतेक स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघराजवळ असते. ती फिरवून बंद कर. मग घरातले सगळे नळ उघड, गरम-थंड दोन्ही, म्हणजे हवा आत शिरून पाणी उतरतं. शेवटी संडासाची टाकी फ्लश कर. चार मिनिटांचं काम.

झोन कॉन्फरन्ससाठी, म्हणजे भागातल्या मिशनरींच्या बैठकीसाठी, आम्ही साप्पोरोला गेलो, रेल्वेने दीड तास, आणि तिथल्या सिस्टरांकडे राहिलो. मूठ कंपॅनियनने फिरवली असं मला वाटलं, मी फिरवली असं तिला. परत आलो तर नळातून हूं की चूं नाही. पाइप फुटला नव्हता हे नशीब. हेअर ड्रायर घेऊन दोघी रात्री अकरापर्यंत भिंतीशी बसलो होतो. साडेदहाचा नियम त्या दिवशी मोडला. पाइपावर उकळतं पाणी कधीही ओतू नकोस, त्यानेच तो तडकतो.

कागद आणि पी-डे

झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी माणसाचं निवास ओळखपत्र, सतत जवळ हवं, अगदी कचरा टाकायला जातानाही. ट्रान्सफरने गाव बदललं की नव्या पत्त्यावर गेल्यापासून चौदा दिवसांत तिथल्या नगरपालिकेत नोंद करायची. पहिल्याच मोकळ्या दिवशी उरकून टाक.

पी-डे, म्हणजे तयारीचा मोकळा दिवस, बहुतेक सोमवार, संध्याकाळी सहापर्यंत. कपडे, बाजार, केस, पत्रं. २०१९ पासून दर आठवड्याला घरी व्हिडिओ कॉल करता येतो, आधी वर्षातून दोनदाच फोन असायचा. माझ्या ट्रेनरने, म्हणजे मला शिकवणाऱ्या पहिल्या कंपॅनियनने, एक युक्ती शिकवली: आठवडाभर घरी सांगायच्या गोष्टी एका कागदावर टिपून ठेवायच्या, म्हणजे कॉलवर नुसतं "बरी आहे, बरी आहे" होत नाही. आणि कॉल कपडे धुण्याआधी करायचा. नंतर केला तर उरलेला दिवस पडून जातो. घराच्या आठवणीत हरवलेल्या मिशनरीला 'ट्रंकी' म्हणतात. मन आधीच ट्रंक भरून बसलेलं. मी चौथ्या महिन्यात झाले आणि पुन्हा शेवटच्या महिन्यात.

शेवटच्या आठवड्यात सामान हलकं कर. खिळ्यांचे बूट गेनकानमध्ये, म्हणजे दाराशी चपला काढतात तिथेच ठेव, मागून येणारीला होतील. आसाहिकावाच्या त्या घरात मुठीच्या वर मी एक कागद चिकटवून आले आहे, जपानी, इंग्रजी आणि मराठीत: 'पाणी कोणी काढलं? नाव लिही.' तुझी नेमणूक तिकडे झाली तर बघ, खाली किती नावं झालीत.