आवळ्याच्या खोडावरची जाळी आत्ताच काढा, दिवाळीपर्यंत थांबू नका

पाऊस उघडला की परसातल्या आवळ्याला एकच काम आधी करा, खोडाजवळ जाऊन फांद्यांच्या बेचक्यात बघा. तिथं चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी, चिकट जाळी लोंबत असेल तर साल खाणारी अळी लागलीय. ही अळी दिवसा भोकात लपते, रात्री जाळीखालून फिरत साल कुरतडते, म्हणून पानांकडे बघणाऱ्याला ती सापडतच नाही. आमच्या शेजारच्यांचं झाड आवळ्यांनी लगडलेलं, पण फांदी सुकायला लागली म्हणून दुकानदारानं त्यांच्या गळ्यात टॉनिकची महागडी बाटली मारली, त्यांनी ती दोनदा फवारली आणि पंधरा दिवसांत फांदी बेचक्यातून फळांसकट मोडली, आत बोट जाईल एवढं पोखरलेलं होतं. टॉनिकनं अळी मरत नाही हो!

खर्च काहीच नाही. जाळी खरवडून काढा, भोकात सायकलचा स्पोक घालून अळी टोचा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारा, वरून चिखलानं लिंपा. जवळ विडी-काडी नको. आठ दिवसांनी परत बघा, ताजा चोथा दिसला तर पुन्हा तेच. माझा अनुभव असा की गवतानं वेढलेल्या, दाट सावलीतल्या झाडाला हिचा त्रास जास्त, तेव्हा बुंधा मोकळा ठेवा.

बाकीची कामं:
- बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) खोडाला: मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर, प्लास्टिकच्या भांड्यात
- फळ आतून काळं पडत असेल तर बोरॅक्स (टाकणखार) ६ ग्रॅम प्रति लिटर पाणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात १०-१५ दिवसांच्या अंतरानं २-३ फवारण्या
- कलमाच्या जोडाखालचे फुटवे काढणे, नाहीतर खालचा रानआवळाच माजतो
- कुजलेलं शेणखत, बुंध्यापासून लांब
- पाणी साचू न देणे

एकच झाड असेल आणि फळ धरत नसेल तर खतं ओतू नका, शेजारी दुसऱ्या जातीचं कलम लावा, म्हणजे एनए-७ असेल तर कृष्णा किंवा कांचन. आणि मार्च-एप्रिलच्या फुलोऱ्यानंतर फळं दिसत नाहीत म्हणून घाबरून काही विकत आणू नका, आवळ्याचं फळ उन्हाळाभर झोपूनच असतं, पावसाळ्यातच वाढायला लागतं.

कार्तिकात आवळी नवमीला आपण याच खोडाला दोरा गुंडाळतो, पण तोवर अळीनं साल गोलाकार खाल्लेली असली तर वरची फांदी वाचत नाही. या रविवारीच स्पोक घेऊन खाली बसा.