बंद हॉलचं इंटिरियर करताना या चुका टाळा: सुरुवात बोहल्यापासून करा

घोडबंदर रोडला काय किंवा वाशी-ऐरोलीला काय, नवी मंगल कार्यालयं बरीचशी व्यापारी इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर होतात. मालक आधी झुंबर ठरवतात, मग दारातली कमान. बोहल्याला उरलेली जागा मिळते. ठाण्यात अशा हॉलची कामं करताना दिसलेल्या बहुतेक चुकांचं मूळ या उलट्या क्रमात आहे.

सगळ्यात धोक्याची चूक होमाच्या धुराची. एसीची रिटर्न जाळी, म्हणजे हॉलमधली हवा परत खेचणारी जाळी, बोहल्याच्या डोक्यावर असली की धूर यंत्रातून फिरून थेट पंगतीत उतरतो. अलार्म वाजू नये म्हणून स्मोक डिटेक्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली मी पाहिली आहे. लग्न उरकल्यावर ती काढायची आठवण कुणाला राहते? बोहल्यावर स्वतंत्र एक्झॉस्ट घ्या, रिटर्न जाळी लांब न्या, आणि तेवढ्याच भागात धुराऐवजी उष्णता ओळखणारा डिटेक्टर चालेल का, हे फायर सल्लागाराकडून आधीच ठरवून घ्या. फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर हेच काम छत फोडून करावं लागतं.

दुसरी चूक आवाजाची. 30 मीटर लांब, 15 मीटर रुंद आणि 4.5 मीटर उंच हॉलचं घनफळ 2025 घनमीटर. संगमरवर, काच आणि गुळगुळीत जिप्सम यांनी मिळून जेमतेम 100 चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाइतकं ध्वनिशोषण केलं, तर सॅबाइनच्या सूत्राप्रमाणे (0.161 गुणिले घनफळ, भागिले शोषण) आवाज विरायला 3 सेकंदांहून जास्त लागतात. शब्द नीट कळायला तो 1 ते 1.2 सेकंदांत विरायला हवा. मुहूर्ताला हॉल भरलेला असतो, माणसं आणि कपडे आवाज शोषून घेतात, म्हणून दोष झाकला जातो. त्याच हॉलमध्ये साखरपुड्याला 80 माणसं आली की गुरुजींचे शब्द एकमेकांत कालवले जातात. मग स्पीकर मोठा करतात आणि घुमणंही तितकंच वाढतं. छताला छिद्रांच्या टाइल्स आणि त्यावर रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) घाला. पैसे कमी असतील तर निदान बोहल्यासमोरची, हॉलच्या मागच्या टोकाची भिंत कापडी पॅनेलनी मढवा. स्पीकरचा आवाज तिच्यावरच आपटून परत येतो.

मधले खांब पाडता येत नाहीत. त्यांना आरसे लावून लपवू नका. खांब कुणाच्या नजरेआड बोहला करणार नाही, अशी बोहल्याची जागा निवडा.

बोहल्याची उंचीही आधी ठरवा. अडीच फूट उंचीला 1:12 उताराचा रॅम्प 30 फूट लागतो, दीड फुटाला 18. व्हीलचेअरवरच्या आजींना चौघांनी उचलून वर नेताना त्यांचा चेहरा पाहिला की हा हिशेब आधी का करायचा ते कळतं. पायऱ्यांना चकचकीत ग्रॅनाइट नकोच. त्यावर अक्षता पडल्या की नऊवारीतला पाय सरकलाच.

दिव्यांत 3000 केल्व्हिन (पिवळसर) आणि 6500 केल्व्हिन (निळसर पांढरा) प्रकाशाची सरमिसळ करू नका. ऑर्डर देण्याआधी घरातला एखादा शालू साइटवर न्या आणि नमुन्याच्या दिव्याखाली त्याचा रंग बघा.