जुना तलाव स्पर्धेच्या मुलांसाठी तयार करायचा तर

नगरपरिषदेच्या तलावाला निधी मंजूर झाला की पहिल्याच बैठकीत प्रवेशद्वाराच्या कमानीचा विषय निघतो. मग रंग, मग प्रेक्षक गॅलरी, मग टाइल्सचे नमुने. मी सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यालगतच्या गावात क्रीडाशिक्षिका होते, शाळा सुटली की तलावावर मुलांना शिकवायचे, आणि पुढे त्याच तलावाच्या नूतनीकरण समितीवर बसले. म्हणून कळकळीनं सांगते: पोहणाऱ्या मुलाच्या हातापायाला जे लागतं त्यावर पहिला रुपया खर्च करा. लांबी, खोली, टर्नची भिंत (लांबी संपली की जिला लाथ मारून उलट फिरायचं ती), स्वच्छ पाणी आणि तलावाचं वेळापत्रक. कमान राहिली तरी कुणाचं अडत नाही.

आमची मुलं पाण्याला भीत नाहीत. रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीला) जाणाऱ्या घरातली पोरं लाटेत सहज पोहतात, मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या समुद्री जलतरण स्पर्धेत लांबचं अंतर कापतात. पण शालेय स्पर्धेत जिल्ह्यातून विभागाला गेली की गाठ कोल्हापूरच्या मुलांशी पडते आणि तिथं ती सूर आणि टर्नमध्ये मागे पडतात. २५ मीटरच्या तलावात २०० मीटर पोहायचं म्हणजे सात टर्न. समुद्रात टर्नला भिंतच नाही. आशियाई स्पर्धेत २०१० साली ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य जिंकलेले वीरधवल खाडे कोल्हापूरचे. ते पुढे मालवणात तहसीलदार होते, तेव्हा आमच्या मुलांना वाटायचं की हे आपल्यालाही जमेल. ते वाटणं टिकवायचं तर मुलांना नियमात बसणारी भिंत द्यायला हवी.

आधी टेप घ्या

बहुतेक जुने तलाव कुठल्याच मापात बसत नाहीत. आमचा ३३ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद होता. उथळ टोकाला १.१ मीटर, खोल टोकाला २.७. एवढ्या लांबीत स्पर्धा घेता येत नाही, वेळ नोंदवून उपयोग नाही. अशा तलावात खोल टोकापासून २५ मीटरवर आडवी भिंत घाला. पलीकडे साडेसात मीटरच्या आसपास जागा उरते, तिचा तळ उचलून ७० ते ९० सेंटीमीटर खोलीचा शिकाऊ मुलांचा तलाव होतो. एका तलावाचे दोन झाले की लहान मुलांची तुकडी आणि स्पर्धेची तुकडी एकाच वेळी पाण्यात असू शकते. नूतनीकरणातून मुलांना मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती असं कुणी विचारलं, तर मी ही भिंत दाखवते.

भिंतीचं डिझाइन करताना अभियंत्याला एक गोष्ट लेखी सांगा: एका बाजूला पाणी भरलेलं आणि दुसरी बाजू रिकामी, अशा स्थितीतही ती उभी राहिली पाहिजे. दोन्हीकडे पाणी असताना तिच्यावर ताण नसतो, त्यामुळे पातळ भिंतीचं अंदाजपत्रक सहज पुढे येतं.

आता लांबी. २५ मीटर म्हणजे २५.०० च्या खाली एक मिलिमीटरही चालत नाही, वर ३ सेंटीमीटरपर्यंत सवलत आहे. हे माप एका ठिकाणी घेऊन भागत नाही. दोन्ही टोकांच्या भिंतींवर, पाण्याच्या वर ३० सेंटीमीटरपासून पाण्याखाली ८० सेंटीमीटरपर्यंत सगळीकडे ते भरलं पाहिजे. वेळ मोजणारं टच पॅड सुमारे १ सेंटीमीटर जाड असतं, तेवढी लांबी तेही खातं. म्हणून टाइल्स लावून झाल्यावरची लांबी २५ मीटर २ सेंटीमीटर मागा. दोन्ही टोकांना पॅड आले तरी बरोबर २५ उरतात.

एका गावात ठेकेदारानं जुन्या टाइल्स न काढता त्यांच्यावरच नव्या बसवल्या. दोन्ही बाजूंचा मसाला आणि टाइल्स धरून तलाव चार-पाच सेंटीमीटरनं आखूड झाला. दिसायला सुंदर, पण तिथं केलेली एकही वेळ पुढे ग्राह्य धरता येत नाही. तेव्हा निविदेत "जुन्या टाइल्स व गिलावा पूर्ण काढून" हे शब्द असलेच पाहिजेत, आणि शेवटचं देयक लांबी मोजल्याशिवाय काढायचं नाही. मोजायला पोलादी टेप किंवा लेझर घ्या. कापडी टेप ताणला जातो.

खोलीचा प्रश्न जिवाशी आहे. स्टार्टिंग ब्लॉक (सूर मारायचे ओटे) जिथं बसवायचे तिथं भिंतीपासून १ मीटर ते ६ मीटर या पट्ट्यात किमान १.३५ मीटर पाणी लागतं. मुलांना सूर शिकवायचा तर मी त्याहून जास्तच मागेन. आमच्याकडे नव्या भिंतीपाशी साधारण दीड मीटर खोली निघाली, तरी ब्लॉक फक्त २.७ मीटरच्या टोकाला लावले. ब्लॉकची उंची पाण्यापासून ५० ते ७५ सेंटीमीटर, माथा किमान ५० सेंटीमीटर चौरस, आणि वरचा पृष्ठभाग खरखरीत. गुळगुळीत ग्रॅनाइटचे ब्लॉक कुणी सुचवले तर ठाम नकार द्या.

पावसाचं गणित

कोकणात तलाव रिकामा करणं हेच जोखमीचं काम आहे. जांभ्या दगडात पाणी झपाट्यानं मुरतं आणि पावसाळ्यात जमिनीतली पातळी वर येते. आत पाण्याचं वजन नसलं की बाहेरचं पाणी रिकाम्या टाकीला होडीसारखं वर उचलतं. तळ फुटतो, भिंतींचे सांधे उघडतात आणि मग दुरुस्तीचं रूपांतर नव्या बांधकामात होतं. म्हणून खोल टोकाशेजारी, काठाबाहेर, तळाच्या पातळीखाली जाईल असा छिद्रं पाडलेला चार इंची पाईप उभा पुरा आणि भोवती खडी भरा. पाणी सोडण्याआधी त्यात टेप टाकून बघायचं. पाणी तळाच्या वर असेल तर थांबायचं.

काम दिवाळीनंतर सुरू करा. शिमग्याला गडी गावी जातात हे धरूनच वेळापत्रक आखा आणि मार्चअखेर तलाव भरलेला पाहिजे असं कलम टाका. एप्रिल-मेमध्ये सुट्टीच्या तुकड्यांवर तलावाचं वर्षभराचं उत्पन्न उभं असतं, आणि तेव्हाच गावच्या विहिरी तळ गाठतात. आमच्या २५ मीटरच्या भागात साडेसहा लाख लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ६५ टँकर. मे महिन्यात एवढं पाणी मागायला गावासमोर उभं राहू नये.

रिकामा करण्यापूर्वी गळती शोधून ठेवा. बादलीत तलावाचंच पाणी घ्या, पायरीवर अशी ठेवा की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीत येईल, दोन्हीकडे खूण करा. चोवीस तासांनी बघा. बादलीतलं पाणी उन्हानं उतरतं तेवढंच बाहेरचं उतरलं तर गळती नाही. जास्त उतरलं तर आहे. ही चाचणी एकदा पंप बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून करा. पंप चालू असताना जास्त उतरलं तर दोष पाईपात शोधायचा. आमच्या जुन्या मापात १ सेंटीमीटर म्हणजे ४,१२५ लिटर होत होते, रोजचे. हा आकडा मांडला की बैठकीतली चर्चा कमानीवरून सांध्यांवर येते.

पाणी काढल्यावर लाकडी मुठीच्या लहान हातोडीनं एकेक टाइल ठोकत जा. घट्ट टाइल खणखणते, सुटलेली बद्द वाजते. बद्द वाजणाऱ्या जागेभोवती खडूनं रेघ ओढायची. आमच्याबरोबर आठवीतला एक मुलगा होता, तो ठोकायची वाट न पाहता टर्नच्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "बाई, हय टाइल पायाक लागता." तिथं टाइलची कड दोन मिलिमीटर वर आलेली होती आणि बहुतेक मुलांच्या टाचांना त्याच उंचीवर ओरखडे होते. तळ-भिंतींची पाहणी करताना पोहणाऱ्या मुलांना सोबत घ्याच. त्यांना जे माहीत असतं ते नकाशात नसतं.

सळई गंजून काँक्रीट फुगलं असेल तिथं वरवर गिलावा मारू देऊ नका. सळईच्या मागपर्यंत फोडायचं, गंज घासून काढायचा, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मसाला. टाइल्स लावण्याआधी तलाव आठवडाभर भरून ठेवून गळतीची परीक्षा घ्या. शिडी, लेनदोरीचे (पोहण्याचे पट्टे वेगळे करणाऱ्या दोरीचे) हूक, तारा यांसाठी ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील मागा. ३०४ स्वस्त पडतं, पण खाऱ्या हवेत आणि क्लोरीनमध्ये त्याला लवकर तपकिरी डाग पडतात.

काठाच्या फरशीचा उतार तलावाकडे नको, बाहेरच्या गटाराकडे हवा. नाहीतर जुलैत लाल मातीचं पाणी थेट आत. पूर्ण तलावावर पत्र्याचं छप्पर घालायचा मोह होतो, त्याला माझा विरोध आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दापोलीकडे किती छपरं उडवली ते सगळ्यांनी पाहिलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. पावसात पोहता येतं. फक्त गडगडाट ऐकला की सगळ्यांनी पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत नाही. विजेचे पॅनेल मात्र उंचावर न्या. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला जे पाणी भरलं त्यानंतर तळघरात पंपाचे स्टार्टर ठेवण्याचं समर्थन करता येत नाही. प्रत्येक जोडणीवर वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच हवा.

पाणी

मुलाचे डोळे चुरचुरले की पालक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बऱ्याचदा उलट असतं. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं त्याचाच तो उग्र वास आणि जळजळ. उपाय म्हणजे पोहण्याआधी सक्तीची अंघोळ, पुरेसं मोकळं, म्हणजे अजून कशाशी संयोग न झालेलं, क्लोरीन (लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.६. शॉवर तलावाच्या वाटेवरच बसवा, म्हणजे टाळून जाता येत नाही.

सगळं पाणी पाच ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे. साडेसहा लाख लिटरला तासाला १ लाख १० हजार ते १ लाख ३० हजार लिटरचा प्रवाह लागतो, त्यावरून पंप आणि वाळूचे फिल्टर ठरवायचे. लहान मुलांच्या भागाला वेगळा फिल्टर द्या, तिथलं पाणी कमी असतं आणि लवकर खराब होतं. तळाची शोषण जाळी एकच ठेवू नका, किमान दोन, एकमेकींपासून मीटरभर लांब आणि स्क्रूनं घट्ट. एकाच जाळीवर मुलाचं अंग चिकटलं तर सोडवणं अवघड होतं.

बोअरचं पाणी भरणार असाल तर लोह तपासून घ्या. आमच्याकडच्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात ते असतं. वरून स्वच्छ दिसतं आणि क्लोरीन पडताच तासाभरात चहाच्या रंगाचं होतं. हे पाणी आधी वेगळ्या टाकीत क्लोरीन घालून, निवळून, गाळून मगच तलावात घ्यायचं.

स्वस्त आणि राहून जाणाऱ्या गोष्टी

पाठीवर पोहणाऱ्या मुलाला भिंत दिसत नाही. तो वरची पताका बघून हात मोजतो. पताका भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर आणि पाण्यापासून १.८ मीटर उंच हवी. दोरी आणि दोन खांबांचा खर्च. ती अर्धा मीटर भिंतीकडे सरकली तर डोकं आपटतं. तळावरची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर अलीकडे आडव्या पट्टीनं संपली पाहिजे, टर्न कुठं घ्यायचा ते त्यावरून कळतं. साडेबारा मीटर रुंदीत अडीच मीटरच्या पाच लेन बसतात. लाटा मोडणाऱ्या चकत्यांच्या लेनदोऱ्या घ्या आणि वापर नसताना सावलीत गुंडाळून ठेवा.

उतरायला १ ला १२ उताराचा रॅम्प आणि रुंद पायऱ्या कराच. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं, ते भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. आपल्या तालुक्यातलं असं मूल पायऱ्यांपाशी अडू नये.

मुलींच्या खोलीला आतून कडी, पुरेसा उजेड, सॅनिटरी पॅडसाठी झाकणाची बादली आणि ओले कपडे पिळायला जागा. सातवी-आठवीत मुली पोहणं सोडतात, त्यामागे या खोलीचा मोठा हात असतो. मी घरोघर जाऊन विचारलं तेव्हा आयांनी हेच सांगितलं.

ठराव

निधी जिल्हा नियोजन समिती, क्रीडा विभाग, आमदार निधी अशा वाटांनी येतो. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना आराखडा काढतानाच बोलवा, नंतर नाही. दोषदायित्व कालावधीत (ठेकेदारानं स्वखर्चानं दोष दुरुस्त करायच्या मुदतीत) किमान दोन पावसाळे यायला हवेत. देखभालीची रक्कम, जीवरक्षकांचे आणि प्रशिक्षकाचे पगार पहिल्या वर्षापासून अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली धरा.

आणि उद्घाटनाआधी सभागृहात ठराव करून घ्या: सकाळी साडेपाच ते साडेसात किमान तीन लेन १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या स्पर्धक मुलांसाठी राखीव, मासिक पासधारकांना उरलेल्या दोन. संध्याकाळची तुकडी ठरवताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. आमच्या वाडीकडची शेवटची गाडी पावणेसातला सुटते, म्हणून मुलं सव्वासहाला पाण्याबाहेर येतील अशी तुकडी लावली आणि खाडीपलीकडची मुलं यायला लागली. मासेविक्रेत्या, खलाशी आणि शेतमजूर घरांतल्या मुलांना फी माफ, हेही त्याच ठरावात लिहा. तोंडी आश्वासन पुढच्या मुख्याधिकाऱ्यांना बांधील नसतं.