अंगणवाडीची पाहणी गावाने कशी करावी

अंगणवाडीबद्दल तक्रार निघाली की गावातला सगळा राग सेविकेवर निघतो. टीएचआरचा (घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटांचा) पुरवठा, आहार शिजवणाऱ्या बचत गटाचं थकलेलं बिल, मदतनिसाचं रिक्त पद, गळकं छत, यातलं काहीच तिच्या हातात नसतं. म्हणून पाहणीत दोन गोष्टी शोधायच्या: नेमकं काय अडलंय आणि ते कुठल्या पातळीवर अडलंय.

पाहणीला चार-पाच जण पुरे. पटावरच्या मुलांच्या दोन आया, आशाताई, एक ग्रामपंचायत सदस्य आणि हिशेबाची सवय असलेलं कोणीतरी. नोंदी बघायच्या दिवशी सेविकेला आधी कळवा; धाड घातल्यासारखं गेलात तर कोणी मोकळेपणी बोलणार नाही. आहाराच्या वेळी मात्र न सांगता, महिन्यातून दोनदा, वेगवेगळ्या वारी जाऊन बसा.

आधी आहार. वर्षात 300 दिवस, म्हणजे महिन्याला साधारण 25 दिवस आहार मिळाला पाहिजे. 3 ते 6 वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळून 500 कॅलरी. 6 महिने ते 3 वर्षांच्या मुलांना तेवढाच आहार घरी न्यायला टीएचआर म्हणून. कुपोषित मुलासाठी 800 कॅलरी. हे 2013च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दिलेले हक्क आहेत. त्या दिवशी ताटं मोजा आणि आकडा हजेरीशी ताडून पाहा. मग साठा: आरंभीची शिल्लक अधिक आवक वजा वाटप, आणि उत्तर कोपऱ्यात रचलेल्या पाकिटांइतकं यायला हवं. पाकिटावरची तारीखही वाचा. आकडे जुळले नाहीत म्हणजे चोरीच झाली असं नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांची मुलं पटावर तशीच राहतात आणि तिथूनच फरक पडायला लागतो. त्या मुलांची वेगळी यादी करा. जिथे गेली तिथल्या अंगणवाडीत त्यांचं नाव लागलं का, हा प्रश्न शिल्लक पाकिटांपेक्षा मोठा आहे.

सगळ्यात जास्त वेळ वजन-उंचीला द्या, कारण कुपोषणाचे सगळे निर्णय इथून निघतात. काटा सपाट, कडक जमिनीवर आहे का? चटईवर ठेवला की वजन चुकतं. रिकामा असताना शून्य दाखवतो का? न फोडलेली 5 किलोची पिशवी ठेवून बघा. मग एकाच मुलाचं वजन लागोपाठ दोनदा घ्या. 100 ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर काटा किंवा बॅटरी बदलायला हवी. उंचीला दोन माणसं लागतात, एक पाय धरायला आणि एक डोकं. बूट काढलेले, टाचा टेकलेल्या, गुडघे सरळ, वेणी किंवा अंबाडा सोडलेला. 2 वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवूनच मोजायची. उभं करून मोजली असेल तर त्यात 0.7 सेंटिमीटर मिळवावे लागतात. सेविका एकटी असली की घाई होते आणि मूल गुडघे वाकवतं. खरी उंची 82 असताना 80 लिहिली, तर त्या उंचीला वजन पुरेसं वाटतं आणि मूल तीव्र कुपोषितांच्या यादीतून गळू शकतं.

आता मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी समोर घ्या. उंची आधीच्या महिन्यापेक्षा कमी झालेली दिसते का? बहुतेक उंच्या 0 किंवा 5 वर संपतात का? दर महिन्याला वजन नेमकं 200 ग्रॅमनेच वाढतंय का? यातलं काहीही दिसलं की समजायचं, मोजमाप झालेलं नाही किंवा अंदाजाने भरलं गेलंय. जन्मतारीख जन्माच्या दाखल्याशी ताडा, कारण वयानुसार वजनाची श्रेणी तिच्यावरच ठरते. शेवटी दंडघेर पट्टी: 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर, ना सैल ना घट्ट. माप 11.5 सेंटिमीटरच्या आत आलं, किंवा दोन्ही पायांवर सूज असली, तर ग्रामसभेची वाट न बघता मुलाला त्याच दिवशी एएनएम (आरोग्यसेविका) किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे न्यायचं.

पूर्वप्राथमिक शिक्षण तपासायला तासभर मागे शांत बसून राहणं पुरतं. मुलं बोलतात का, हाताळायला वस्तू आहेत का, गोष्ट-गाणं होतं का, की खिचडीची वाट बघत ओळीत बसलेली असतात? पाटीवर अक्षरं गिरवून घ्या असा आग्रह पालकांनी धरू नये. या वयात खेळातूनच शिकावं, हे 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं. सेविकेचा किती वेळ मोबाइलवर नोंदी भरण्यात जातो तेही लिहून ठेवा.

मग सापडलेल्या गोष्टी पातळीनुसार वाटा. नळ, शौचालय, वीज, छताची किरकोळ दुरुस्ती हे ग्रामपंचायतीचं काम. स्वउत्पन्नातला 10 टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठीच खर्च करायचा असतो, तेव्हा मागच्या वर्षी तो कशावर गेला हे विचारा. मोजमापातल्या चुका आणि आहाराचा दर्जा पर्यवेक्षिकेकडे. पुरवठा, बिलं, रिक्त पदं बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे. वस्तीत 6 वर्षांखालची किमान 40 मुलं असून अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून 3 महिन्यांत ती मिळावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2006चा आदेश आहे. मागणीपत्रात त्याचा उल्लेख आणि मुलांची नावनिशीवार यादी हवीच.

आधी महिलांच्या सभेत मांडा, मग ग्रामसभेत ठराव घ्या. ‘आहार नीट मिळत नाही’ असा ठराव कोणी वाचत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती मुलांना, काय मिळालं नाही, कोणी किती दिवसांत काय करायचं, एवढं लिहा आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार अर्ज करा. महाराष्ट्रात तो एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आहारच मिळाला नसेल तर अन्न सुरक्षा कायद्याखालच्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तिथेही दाद लागली नाही तर राज्य अन्न आयोगाकडे जाता येतं. त्या तक्रारीला ताटांची मोजणी, साठ्याचा हिशेब आणि ठरावाची प्रत जोडा.